अ‍ॅडेनोमायोसिसचे निदान : गर्भाशय न काढता विकार ओळखणारी सोनोग्राफी

गर्भाशयाच्या अ‍ॅडेनोमायोसिस या विकाराचे निश्चित निदान बराच काळ एकाच मार्गाने होत असे. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढायचे, त्याचे पातळ काप करायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. विकार होता की नव्हता, हे अवयव गेल्यानंतरच कळत असे. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने होणाऱ्या तपासणीने, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या सोनोग्राफीने, गेल्या चार दशकांत ही स्थिती पालटली आहे. बहुतेक स्त्रियांमध्ये या विकाराच्या खुणा आता गर्भाशय जागेवर असतानाच पाहता येतात.

छत्तीसगडमध्ये या बदलाला वेगळे महत्त्व आहे. या राज्यात २०१२ मध्ये गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतचे उपचार देणाऱ्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतून यांतील अनेक शस्त्रक्रियांचा खर्च वसूल करण्यात आल्याचे आरोप झाले. शासनाने चौकशी केली आणि काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. पोटदुखी किंवा अधिक रक्तस्राव घेऊन आलेल्या स्त्रीला ‘पिशवी खराब झाली आहे, काढावी लागेल’ असे सांगण्यापूर्वी काय पाहिले गेले होते, हा त्या प्रकरणातील मूळ प्रश्न होता.

भिलाई आणि ध्वनिलहरी

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलाद कारखान्याभोवती वाढलेले शहर आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याच्या नोकऱ्यांमुळे देशाच्या सर्व भागांतून लोक येथे आले, त्यांत मराठी कुटुंबेही होती. वैशाली नगर हा भाग कारखान्याच्या सेक्टर वसाहतींबाहेर, महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय प्रामुख्याने कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे इतर कुटुंबांना खाजगी दवाखाने, शासकीय रुग्णालये किंवा रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांवर अवलंबून राहावे लागते.

भारतीय रेल्वेसाठी लांब रूळ तयार करणे हे भिलाईचे एक मुख्य काम आहे. पोलादाच्या आत, डोळ्यांना न दिसणारी भेग आहे का, हे पाहण्यासाठी रुळांमध्ये श्राव्यातीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी तपासले जातात. स्त्रीरोगांच्या सोनोग्राफीचा उगम नेमक्या याच तंत्रात आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी जवळच्या बॉयलर कारखान्यात नेल्या आणि तेथील धातुदोष शोधणाऱ्या यंत्रावर तपासून पाहिल्या. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांना दिसले. त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राऊन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जून १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विकाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतल्या बाजूस एंडोमेट्रियम नावाचा मऊ अंतःस्तर असतो. मासिक पाळीत तो सुटून बाहेर पडतो. त्याच्या बाहेर स्नायूंची जाड भिंत असते. अंतःस्तरातील ग्रंथी आणि त्यांच्या सभोवतीची ऊती या भिंतीत शिरून वाढू लागली, की त्या स्थितीला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. शिरलेली ऊती पाळीच्या चक्रातील संप्रेरकांना प्रतिसाद देते, तिच्या भोवतीचा स्नायू जाड होतो आणि गर्भाशय हळूहळू फुगीर व गोलसर बनते. पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, तीव्र वेदना, ओटीपोटात जडपणा आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. रक्तस्राव वर्षानुवर्षे चालू राहिल्यास रक्तक्षय होतो. सुमारे एकतृतीयांश स्त्रियांत मात्र कोणतेही लक्षण नसते. सोनोग्राफीत विकार दिसला म्हणून उपचार हवाच, असे यामुळेच म्हणता येत नाही.

कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि अमेरिकेतील थॉमस कलन यांनी १९०८ मधील ग्रंथात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. आजचे नाव १९२५ मध्ये ऑस्कर फ्रांकल यांनी रूढ केले. मराठीत त्याला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘पिशवीला सूज’ असे जे बोलीत सांगितले जाते, त्यात हा विकार, गर्भाशयाच्या तंतुगाठी आणि साधा जंतुसंसर्ग असे सगळेच सामावते. गैरसमजाची सुरुवात बहुधा या शब्दापासूनच होते.

पूर्वी हा विकार चाळिशीनंतरच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचा समजला जाई. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया त्या वयात अधिक होत असल्यामुळे तो तेथेच सापडत असे, हेही या समजामागील एक कारण होते. सोनोग्राफीमुळे तो विशीतिशीतील स्त्रियांत आणि वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्यांतही आढळू लागला आहे.

तपासणीचे दोन मार्ग

पोटावरून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीत मूत्राशय भरलेले असावे लागते. ‘पाणी पिऊन बसा, लघवीला जाऊ नका’ ही केंद्रातील सूचना त्यासाठीच असते. भरलेले मूत्राशय आतड्याला बाजूस सारते आणि लहरींना वाट देते. या तपासणीत साधारणपणे २ ते ५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्या खोलवर जातात, परंतु बारीक तपशील दाखवण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते.

योनिमार्गातून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीत बारीक, लांबट प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ नेतात. अंतर कमी असल्यामुळे ५ ते ९ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे अधिक वारंवारतेच्या लहरी वापरता येतात आणि मिलिमीटरच्या मापातील बदल दिसू शकतात. येथे मूत्राशय रिकामे ठेवावे लागते. प्रोबवर प्रत्येक वेळी नवे आवरण चढवले जाते. तपासणीपूर्वी स्त्रीला माहिती देऊन तिची संमती घेणे आणि खोलीत स्त्री परिचारिका उपस्थित असणे अपेक्षित आहे. अ‍ॅडेनोमायोसिसच्या निदानासाठी हाच मार्ग प्रथम पसंतीचा मानला जातो. शरीरसंबंध न आलेल्या मुलींमध्ये तो टाळतात आणि पोटावरून, काही वेळा गुदमार्गातून तपासणी करतात किंवा एमआरआयचा आधार घेतात. गर्भाशय फार मोठे झाले असेल तर दोन्ही मार्ग वापरावे लागतात, कारण योनिमार्गातील लहरी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत.

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असतो. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. या पार्श्वभूमीमुळे सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणातील तपासणी, अशी अनेकांची समजूत झाली आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाची तपासणी हा या यंत्राचा तितकाच मोठा उपयोग आहे.

पडद्यावर काय दिसते

अ‍ॅडेनोमायोसिस कशाला म्हणावे याबाबत सोनोग्राफी तज्ज्ञांमध्ये अनेक वर्षे एकवाक्यता नव्हती. एकाच चित्राला दोन केंद्रांत दोन नावे मिळत. २०१५ मध्ये ‘म्युसा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने गर्भाशयाच्या स्नायुभित्तीचे वर्णन करण्यासाठी समान परिभाषा मांडली आणि २०२२ मध्ये तिच्यातील खुणांची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशी विभागणी करण्यात आली.

अंतःस्तराची ऊती स्नायूत शिरली आहे, हे ज्यांतून थेट दिसते त्या प्रत्यक्ष खुणा. पहिली खूण म्हणजे स्नायूतील द्रवाने भरलेल्या बारीक पोकळ्या. द्रवातून प्रतिध्वनी येत नसल्यामुळे त्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. स्नायूच्या करड्या पार्श्वभूमीवर दिसणारी उजळ बेटे ही दुसरी खूण. ती शिरलेल्या ग्रंथिमय ऊतीची असतात आणि त्यांच्या कडा अनियमित असतात. अंतःस्तरापासून स्नायूत घुसणाऱ्या उजळ रेषा व अंकुर ही तिसरी खूण आहे. या तिन्हींपैकी एखादी नि:संदिग्धपणे दिसली, तर निदानाला मोठे बळ मिळते.

अप्रत्यक्ष खुणा शिरलेल्या ऊतीमुळे स्नायूत झालेले परिणाम दाखवतात. गर्भाशयाचा नासपतीसारखा आकार जाऊन तो चेंडूसारखा गोल होतो. पुढची आणि मागची भिंत सारख्या जाडीची राहत नाही. मागची भिंत अधिक वेळा जाड झालेली आढळते. भिंतीतून पंख्याच्या पात्यांसारख्या फाकत जाणाऱ्या काळ्या-करड्या सावल्या दिसतात. अंतःस्तर आणि स्नायू यांच्या सीमेवरचा पातळ गडद पट्टा, ज्याला जंक्शनल झोन म्हणतात, तो अनियमित होतो किंवा मध्येच तुटतो. बाधित भागातून रक्तवाहिन्या आरपार जाताना दिसतात. या खुणा इतर कारणांनीही उद्भवू शकतात. त्यांपैकी एकट्या खुणेवर निदान उभे करणे धोक्याचे असते.

रंगीत डॉप्लरचा उपयोग येथे होतो. तंतुगाठीभोवती, म्हणजे फायब्रॉइडभोवती, रक्तवाहिन्यांचे कडे दिसते. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये वाहिन्या बाधित भागाला वळसा न घालता त्यातून सरळ पार होतात. फायब्रॉइडची कड सहसा स्पष्ट असते, तर अ‍ॅडेनोमायोसिस कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे नेमके सांगता येत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण फायब्रॉइड भोवतालच्या स्नायूपासून सोडवून काढता येते आणि गर्भाशय शाबूत ठेवता येते. अ‍ॅडेनोमायोसिसला असे वेगळे आवरण नसते. दोन्ही विकार एकाच गर्भाशयात असणेही अपवादात्मक नाही, आणि अशा वेळी अनुभवी तज्ज्ञालाही अडचण येते.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे गर्भाशयाचे स्वाभाविक आकुंचन. स्नायू क्षणभर आवळला, की तो भाग जाड आणि गडद दिसतो आणि विकाराचा भास होतो. काही मिनिटे थांबून पुन्हा पाहिल्यास हा भाग नाहीसा होतो. रांगेत बरेच रुग्ण थांबलेले असताना ही काही मिनिटे मिळतातच असे नाही.

‘बल्की’ या शब्दाची किंमत

सोनोग्राफीच्या अहवालात ‘बल्की यूटेरस’ हे शब्द वारंवार आढळतात. त्यांचा अर्थ गर्भाशय नेहमीपेक्षा मोठे आहे, इतकाच होतो. ते रोगाचे नाव नाही. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय मूल न झालेल्या स्त्रीपेक्षा मोठे असणे स्वाभाविक आहे. पोटावरून झालेली घाईची तपासणी, अहवालात ‘बल्की’ हा एक शब्द आणि त्याचे ‘पिशवी वाढली आहे, पुढे कर्करोग होईल’ असे भाषांतर, अशा साखळीने शस्त्रक्रियेपर्यंत जाणे कठीण नाही. अ‍ॅडेनोमायोसिस हा कर्करोग नव्हे आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न बीड जिल्ह्यामुळे चर्चेत आला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीडमधील ९९ खाजगी रुग्णालयांत ४ हजार ६०५ गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाल्यास मुकादमाकडून कापली जाणारी रक्कम आणि उसाच्या फडात स्नानगृहाचाही अभाव, ही कारणे या आकड्यांमागे होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले होते. बीडच्या पाहणीत हे प्रमाण सहा स्त्रियांमागे एक इतके होते.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील प्रकरणांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. अशा शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील समित्यांची तरतूद या सूचनांत आहे.

अचूकतेची मर्यादा आणि पुढील पद्धती

सोनोग्राफी किती अचूक आहे, याची उत्तरे एकसारखी नाहीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार योनिमार्गातील सोनोग्राफीने विकार असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ८२ जणींत तो ओळखला आणि विकार नसलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणींना निरोगी ठरवले. २०१० च्या दुसऱ्या विश्लेषणात हेच आकडे ७२ आणि ८१ होते. त्यात एमआरआयचे प्रमाण ७७ आणि ८९ आढळले. हे अभ्यास बहुतांशी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवर आधारित होते, कारण पडताळा घेण्यासाठी ऊती लागते. तरुण किंवा सौम्य विकाराच्या स्त्रियांना हे आकडे जसेच्या तसे लागू होतीलच, असे नाही.

त्रिमितीय सोनोग्राफीत गर्भाशयाचा समोरून दिसणारा छेद तयार करता येतो. साध्या सोनोग्राफीत हा छेद सहसा मिळत नाही. त्यात जंक्शनल झोनची जाडी मोजता येते. ही जाडी ८ मिलिमीटर किंवा अधिक असणे, अथवा सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ भागात ४ मिलिमीटर किंवा अधिक फरक असणे, हे निकष २०११ मध्ये इटलीतील संशोधकांनी मांडले. एमआरआयमध्ये १२ मिलिमीटरची मर्यादा प्रचलित आहे. ऊतीचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी अद्याप मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे. एमआरआय महाग असते आणि सर्वत्र उपलब्ध नसते. सोनोग्राफीत संदिग्धता राहिली, गर्भाशय फार मोठे असले किंवा गर्भाशय राखून बाधित भाग काढण्याची शस्त्रक्रिया योजली असली, तर तिचा विचार केला जातो.

अहवालात काय असावे

चांगल्या अहवालात तपासणी कोणत्या मार्गाने केली याचा उल्लेख असतो. गर्भाशयाची तिन्ही मापे, पुढच्या व मागच्या भिंतीची जाडी आणि अंतःस्तराची जाडी दिलेली असते. म्युसाच्या पद्धतीनुसार विकार कोणत्या भिंतीत आहे, एका जागी आहे की पसरलेला, त्यात पोकळ्या आहेत का आणि स्नायूचा कोणता थर बाधित आहे, हेही नोंदवले जाते. बाधित भाग स्नायूच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सौम्य, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर तीव्र, अशी प्रतवारी केली जाते. बीजांडकोशांची स्थितीही आवश्यक असते, कारण एंडोमेट्रिओसिस हा संबंधित विकार अनेकदा सोबत आढळतो. हे तपशील आणि छापील चित्रे हाती असल्यास भिलाईतील स्त्रीला रायपूर किंवा नागपूर येथील दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे सोपे जाते.

सोनोग्राफी सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही. पंचेचाळिशीच्या पुढे अनियमित रक्तस्राव असल्यास किंवा अंतःस्तर जाड दिसल्यास त्याचा नमुना घेऊन तपासणी करावी लागते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव कधीही अ‍ॅडेनोमायोसिसच्या नावाखाली दुर्लक्षित करता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार थायरॉइडची चाचणीही केली जाते.

निदान झाल्यावर उपचारांचे अनेक टप्पे उपलब्ध असतात. वेदनाशामके आणि रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गर्भाशयात बसवले जाणारे लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त साधन, हे त्यांपैकी प्रमुख आहेत. मोठ्या केंद्रांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याची प्रक्रियाही होते. या उपायांनी आराम न पडलेल्या आणि पुढे मूल नको असलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशय काढणे हा रास्त उपाय आहे, आणि अनेकींना त्यामुळे खरोखर आराम मिळतो. तरुण वयात बीजांडकोशही काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे व हृदय यांवर परिणाम होतो. ते ठेवले, तरीही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता असते. चाळिशीच्या उत्तरार्धातील स्त्रीच्या बाबतीत औषधांवर काही वर्षे काढणे हाही एक मार्ग ठरतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांचे प्रमाण घटते आणि या विकाराची लक्षणे सामान्यतः आपोआप ओसरतात.